स्टिरिओला मारलेल्या थापा

अमेरिकेत ज्यांनी उपग्रह रेडिओ काढला त्यांची नजर फार लांबची होती, हे त्यांच्या वैऱ्यानेही कबूल करावं. १९९७ साली तिथल्या सरकारने २.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा लिलाव पुकारला आणि दोन कंपन्यांनी प्रत्येकी आठ कोटी डॉलरच्या वर बोली लावून ती जागा घेतली. जागा तरी कसली, जी दिसत नाही, जिला कुंपण घालता येत नाही आणि जी सातबाऱ्यावर चढत नाही. त्यातली एक कंपनी पुढे एक्सएम झाली. तिने २००१ मध्ये दोन उपग्रह वर धाडले आणि त्यांची नावं ठेवली 'रॉक' आणि 'रोल'. दुसरी सिरियस. तिने आदल्याच वर्षी कझाकस्तानातल्या बैकानूरहून तीन उपग्रह सोडले होते, तेही अशा लांबुळक्या कक्षेत, की त्यांनी दिवसाचा बराचसा वेळ उत्तर अमेरिकेच्या डोक्यावरच रेंगाळावं. एक्सएमच्या वॉशिंग्टनमधल्या स्टुडिओत कोणी गाणं लावलं की ते ३६,००० किलोमीटर वर चढायचं, तेवढंच खाली उतरायचं, आणि या सगळ्या प्रवासाला जेमतेम पाव सेकंद घेऊन न्यू जर्सीत, एडिसनच्या एका ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या जुन्या कॅमरीच्या टपावर अचूक येऊन पोचायचं.

टपापासून गाडीच्या स्टिरिओपर्यंत मग दोन फूट उरायचे. ते गाडीच्या मालकाने आपलं आपण बघून घ्यावं, असं एकंदरीत ठरलेलं दिसत होतं.

त्या काळच्या गाडीच्या स्टिरिओला बाहेरचा पाहुणा आत घ्यायला दारच नसे. एएम आणि एफएम त्याच्या स्वतःच्या एरियलवरून येणार, कॅसेट तोंडात घालायची, सीडीची सोय असली तर तीही तशीच. याखेरीज कोणी 'माझ्याकडेही दोन गाणी आहेत हो' म्हणत आलं, तर त्याचं ऐकून घ्यायची व्यवस्था कारखान्याने ठेवलेली नव्हती. पुढे जे हेडफोनच्या मापाचं साधं भोक आलं, ज्याला सगळे ऑक्स म्हणू लागले, ते सर्रास दिसायला २००५-०६ साल उजाडलं. तोवर उपग्रह रेडिओ गाडीला जोडायचा म्हणजे स्टिरिओला थाप मारायची, एवढंच शास्त्र होतं. मी रेडिओ स्टेशन आहे म्हणून सांगा, मी कॅसेट आहे म्हणून सांगा, मी सीडी आहे म्हणून सांगा, पण उपग्रहावरून आलोय असं खरं मात्र सांगू नका, कारण त्या बिचाऱ्याला ते कळणार नाही.

आणि हे काम वाट्याला आलं कोणाच्या, तर आमच्या साडूंच्या. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. जुने कपडे दान केले की अमेरिकेत आयकरात सूट मिळते, आणि लोक विटलेल्या टी-शर्टलाही पैठणीचा भाव लावतात. साडू स्वतःच्या लग्नातल्या सुटाचे दोन डॉलर लावतात आणि 'तरी जास्तच झाले' म्हणून रात्रभर कूस बदलत राहतात. ती कॅमरी त्यांची.

त्यांना हा रेडिओ हवा होता त्यालाही कारण होतं. एडिसनहून फिलाडेल्फियाला नोकरीला जाणारा माणूस रोज एका ओसाड पट्ट्यातून जातो. न्यूयॉर्कची स्टेशनं प्रिन्स्टनच्या पुढे खरखरायला लागतात आणि फिलाडेल्फियाची अजून नीट लागत नाहीत. उपग्रहाला असल्या हद्दी नाहीत. तेव्हा महिना १२ डॉलर ९५ सेंट मोजले की किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत एकच आवाज, तोही शंभराहून जास्त वाहिन्यांवर. साडूंना त्यातली एकच हवी होती, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस. मेहुणीने वाढदिवसाला रिसीव्हर आणून दिला. खोक्यावर 'प्लग अँड प्ले' असं लिहिलेलं होतं आणि आत जाडजूड पुस्तिका होती. जी वस्तू नुसती खोचायची आणि वाजवायची, तिच्याबद्दल एवढं लिहायला त्या मंडळींना कसं सुचलं, असं माझ्या मनात आलं. साडूंनी मात्र पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

अँटेना हा या प्रकरणातला एकमेव प्रामाणिक भाग. काडेपेटीएवढा काळा ठोकळा, पोटात चुंबक. टपावर बसवा, कडेपासून दूर ठेवा, वर आभाळ मोकळं असू द्या, एवढंच त्याचं मागणं. पत्र्याचा टप असला की तो खट्कन चिकटतो. कॉर्वेटवाल्यांची पंचाईत, कारण त्या गाडीचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. एवढी महागडी गाडी घेऊन माणूस दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी शोधत दुकानं पालथी घालतो, या विचाराने आम्हा कॅमरीवाल्यांना फार बरं वाटतं.

प्रश्न वायरचा. ती खिडकीतून सरळ आत घेतली तर खिडकी लागत नाही. म्हणून मागच्या काचेच्या रबरी पट्टीखालून डिकीत, डिकीतून मागच्या सीटखाली, तिथून दाराच्या उंबरठ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून पुढे आणि शेवटी डॅशबोर्डच्या पोटात, असा तिचा मार्ग. दोन फुटांचे असे वीस फूट होतात.

डॅशबोर्ड उचकटायला लोखंडी हत्यार वापरलं तर ओरखडे उठतात. त्यासाठी चपटं प्लास्टिकचं हत्यार मिळतं, ते आमच्याकडे नव्हतं. नॉनस्टिक तव्याचं नायलॉनचं उलथणं होतं. उलथण्याचं टोक स्टिरिओभोवतीच्या चौकटीच्या फटीत सारायचं, मनगट अगदी हळू फिरवायचं आणि 'टक्' असा आवाज आला की थांबायचं. हा टक् दोन प्रकारचा असतो. एक क्लिप सुटल्याचा आणि दुसरा क्लिप तुटल्याचा. कानाला दोन्ही सारखेच लागतात. त्यामुळे प्रत्येक टक् झाला की साडू माझ्याकडे बघत, मी उलथण्याकडे बघे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेहुणी आम्हा दोघांकडे बघे.

"अहो, उलटलं का धिरडं?" तिने खिडकीतूनच विचारलं.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, त्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेले होते. ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून ते हा सगळा कार्यक्रम बघत होते. उपग्रह रेडिओ या विषयातला अधिकारी माणूस आपणच, असं त्यांचं मत होतं आणि ते अगदीच निराधार नव्हतं. पुण्यात त्यांच्याकडे वर्ल्डस्पेसचा रिसीव्हर होता.

ज्यांच्या घरी तो होता त्यांना आठवत असेल. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० साली ही कंपनी काढली. आधी आफ्रिकेसाठी उपग्रह सोडला, मग २००० साली 'एशियास्टार'. भारतातलं बस्तान बंगळूरला, जाहिरातीत ए. आर. रहमान, आणि दिवसभर शास्त्रीय संगीत देणाऱ्या वाहिन्या. तळहाताएवढी अँटेना खिडकीत ठेवायची आणि तिचं तोंड उपग्रहाकडे करायचं. एशियास्टार विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशाशी, म्हणजे पुण्याहून बघितलं तर बरोबर आग्नेयेच्या अंगाला. आता अण्णांचं घर वास्तुशास्त्राप्रमाणे बांधलेलं, त्यामुळे आग्नेयेला स्वयंपाकघर. अँटेना तिथेच बसणार. मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुकरच्या शिट्ट्या त्या घरात बरोबरच वाजल्या. कुकर समेवर आला की अण्णा दाद कोणाला देत, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

"तोंड आग्नेयेला करा जावईबापू," अण्णांनी खुर्चीतून सांगितलं.

"अण्णा, इथे उपग्रह दक्षिणेला आणि नैऋत्येला आहेत," साडू डॅशबोर्डखालून म्हणाले. "आणि गाडी वळते. हिला तोंडच नाही, ही चहूकडून ऐकते."

"नैऋत्येला?" अण्णांचा चेहरा पडला. नैऋत्येकडून घरात काही चांगलं येत असल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं.

गंमत अशी की एक्सएमच्या सुरुवातीच्या भांडवलात वर्ल्डस्पेसचाही वाटा होता. म्हणजे अण्णांची खिडकी आणि आमच्या साडूंचा टप हेही नात्याने साडूच. पण वर्ल्डस्पेस भारतात घरातच राहिला, त्याला स्वतःचा रिसीव्हर आणि स्वतःचे स्पीकर असत, त्यामुळे तिथे कोणाला थाप मारायची वेळ आली नाही. २००८ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं आणि २००९ च्या ३१ डिसेंबरला भारतातली सेवा बंद झाली. अण्णांनी ती अँटेना अजून खिडकीतून काढलेली नाही. कांदे-बटाट्यांच्या टोपलीमागे तिचं तोंड आग्नेयेलाच आहे.

अँटेना बसली, वायर आत आली, की रिसीव्हर चालू करून घेण्यासाठी फोन करावा लागे. शून्य नंबरच्या वाहिनीवर रिसीव्हरचा आयडी उमटतो, तो वाचून दाखवायचा. त्या आयडीत आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं कधीच नसतात. एक, शून्य, पाच यांच्याशी गल्लत नको म्हणून कोणीतरी बारकाईने विचार केला असणार. फक्त मराठी माणूस फोनवर इंग्रजी अक्षरं कशी सांगतो, हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"पी फॉर पुणे," साडू म्हणाले.

पलीकडच्या बाईंनी पुन्हा विचारलं.

"पी! पी फॉर पेशवा!"

पलीकडे थोडी शांतता. मग त्या बाईंनी समजूतदारपणे विचारलं, "पी ॲज इन पापा?"

स्पीकर चालू होता. "कोण विचारतंय मला?" अण्णा खुर्चीतून उठले.

पहिली थाप एफएमची. रिसीव्हरच्या पाळण्यात एक इवलासा ट्रान्समीटर असतो. आपण एफएमवरची मोकळी जागा शोधायची, रिसीव्हरला सांगायचं की इथे बोल आणि स्टिरिओला सांगायचं की इथे ऐक. म्हणजे साडूंची कॅमरी हे स्वतःच एक रेडिओ स्टेशन झालं आणि स्वतःच त्याचं एकुलतं एक श्रोतृमंडळ. कायद्याने या ट्रान्समीटरला ताकद किती, तर तीन मीटरवर मोजली तर मीटरला २५० मायक्रोव्होल्ट. आपल्या गाडीत ऐकू यावं, शेजारच्या गाडीत येऊ नये, एवढा बेताचा आवाज.

मोकळी जागा ही चीज एडिसनला मिळणं म्हणजे दादरला पार्किंग मिळण्यातला प्रकार. वर न्यूयॉर्क, खाली फिलाडेल्फिया, मध्ये प्रत्येक कॉलेजाचं आपापलं स्टेशन. ८८.३ वर नेवार्कचं जाझ, ८८.५ वर फिलाडेल्फिया. साडूंनी कागदावर तक्ता आखला, रात्री एकेक आकडा ऐकून त्यापुढे शेरे लिहिले. 'खरखर', 'प्रवचन', 'खरखरीत प्रवचन'. शेवटी ८७.९ पसंत पडला. अमेरिकेत एफएमची खरी वस्ती ८८.१ पासून सुरू होते, ८७.९ हा वेशीबाहेरचा माळ. तिथे कोणी नसतं.

अण्णांना वॉशिंग्टनची संग्रहालयं दाखवायला आम्ही सगळे त्या गाडीतून निघालो. टर्नपाइकवर बीबीसी खणखणीत लागलं होतं. वाटेत पूल आले, पुलाखाली आभाळ दिसत नाही, तरी आवाज तुटला नाही. सिग्नल दोन उपग्रहांवरून काही सेकंदांच्या फरकाने येतो, त्यामुळे एकाचं हुकलेलं दुसऱ्याकडून भरून निघतं. साडूंनी हे अण्णांना समजावून सांगितलं आणि अण्णांनी प्रथमच मान डोलावली.

फिलाडेल्फियाच्या बगलेला आलो आणि बीबीसीच्या बातम्यांत एक दुसराच गृहस्थ पावसाचा अंदाज सांगू लागला. त्या शहरात टीव्हीचं सहा नंबरचं चॅनल आहे. जुन्या ॲनालॉग टीव्हीत सहा नंबरचा आवाज ८७.७५ मेगाहर्ट्झवर जायचा, म्हणजे रेडिओच्या पट्टीच्या डाव्या टोकाला तो थेट ऐकू येई. वेशीबाहेरच्या माळावर कोणी नाही असं आम्ही समजत होतो, तिथे अख्खा टीव्ही राहत होता.

साडूंनी घाईघाईने ८८.१ लावला. दोन्हीकडे लावावा लागतो, रिसीव्हरवर आणि स्टिरिओवर, तेही ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात. म्हणून रिसीव्हर माझ्या मांडीवर आणि स्टिरिओ साडूंच्या हाताशी, अशी वाटणी झाली होती. "तुमचा किती?" "अठ्ठ्याऐंशी एक." "माझा अठ्ठ्याऐंशी तीन." "मग तुम्ही खाली या." "तुम्ही वर या ना!" हा संवाद डेलावेअर राज्यभर चालला. डेलावेअर लहान आहे म्हणून निभावलं. पुढे बाल्टिमोर आलं आणि बाल्टिमोरला ८८.१ वर त्या शहराचं स्वतःचं सार्वजनिक रेडिओ स्टेशन निघालं, ज्याच्यासमोर आमच्या २५० मायक्रोव्होल्टांनी तत्काळ हात जोडले. आकाशातून आलेला आवाज कुठेही तुटला नव्हता. तो साडूंच्या डॅशबोर्डपासून साडूंच्या डॅशबोर्डपर्यंत जाताना तुटत होता.

आणि मग बाल्टिमोरच्या बोगद्याआधीच्या तुंबलेल्या गर्दीत तो प्रसंग घडला. त्याआधी हॉवर्ड स्टर्न यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे अमेरिकन रेडिओवरचं फार मोठं आणि फार वाह्यात प्रस्थ. अश्लीलतेपायी त्यांच्या कार्यक्रमामुळे स्टेशनांना सरकारी दंड भरावे लागत. दंड करणारी संस्था फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी. पण अश्लीलतेचे ते नियम जमिनीवरच्या रेडिओला लागू, पैसे भरून ऐकायच्या उपग्रहाला नाहीत. सिरियसने २००४ साली त्यांच्याशी पाच वर्षांचा ५० कोटी डॉलरचा करार केला आणि ९ जानेवारी २००६ पासून ते आकाशातून, निर्धास्तपणे, मनाला येईल ते बोलू लागले.

आता त्यांचे लाखो श्रोते ते आकाशातलं बोलणं गाडीत कसं ऐकणार? त्याच इवल्या एफएम ट्रान्समीटरवरून. काही ट्रान्समीटर कायद्याहून जास्त जोरकस निघाले. त्यातून ८८ ते ९२ हा अमेरिकन एफएमचा पट्टा बिगरव्यापारी स्टेशनांसाठी राखीव, म्हणजे कॉलेजं, सार्वजनिक रेडिओ आणि चर्च. मोकळी जागा शोधणारे सगळे श्रोतेही तिकडेच गर्दी करणार. सिग्नलला थांबलेली एखादी सात्त्विक बाई गाडीत भक्तिगीत ऐकतेय आणि शेजारच्या गाडीतून स्टर्नसाहेब तिच्या स्टिरिओत शिरतायत, अशा तक्रारी खरोखरच झाल्या. २००६ मध्ये एफसीसीने दोन्ही कंपन्यांना याचा जाब विचारला आणि काही रिसीव्हरांची विक्री थांबवावी लागली. आकाशात ज्या माणसाला एफसीसी हात लावू शकत नव्हती, त्याला तिने शेवटच्या दोन फुटांत गाठलं.

तर, बोगद्यापाशी गाड्या एकाला एक लागून उभ्या होत्या. डाव्या हाताला एक थोरली पिकअप. अण्णा मागे डोळे मिटून बीबीसी ऐकत होते, आफ्रिकेतल्या दुष्काळावर काहीतरी गंभीर चाललं होतं. एकदम आवाज बदलला आणि एका तरुणीला तिच्या अंतर्वस्त्रांविषयी प्रश्न विचारला जाऊ लागला. तिने उत्तरही मोकळेपणाने दिलं. गाडीत पाच माणसं, त्यात दोन मुली, दोन जावई आणि एक वडील. कोणी कोणाकडे बघितलं नाही. पिकअप दोन मीटर पुढे सरकली, दुष्काळ परत आला.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "बीबीसी फार बिघडली हो."

परत आल्यावर साडूंनी दुसऱ्या थापेला हात घातला, ती म्हणजे कॅसेट ॲडॅप्टर. ही वस्तू ज्याने काढली त्याचं मला मनापासून कौतुक आहे. दिसायला हुबेहूब कॅसेट, पण आत टेप नाही. टेपच्या जागी एक छोटं चुंबकीय डोकं, स्टिरिओच्या डोक्याला डोकं लावून बसतं. वायरीतून आलेला आवाज हे डोकं त्या डोक्याला चुंबकाच्या भाषेत सांगतं आणि स्टिरिओला वाटतं टेप फिरतेय. शंका येऊ नये म्हणून आत दोन-तीन चाकं असतात, ती नुसतीच फिरत राहतात. सरकारी कचेरीत मी अशी चाकं पाहिलेली आहेत. फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली १९६३ साली. म्हणजे एकविसाव्या शतकातला डिजिटल उपग्रह न्यू जर्सीत येऊन शेवटी १९६३ च्या तोंडून बोलत होता, आणि खरं सांगायचं तर एफएमपेक्षा कितीतरी बरा बोलत होता.

अडचण तांत्रिक नव्हती, कौटुंबिक होती. कॅमरीच्या त्या खाचेत गेली कित्येक वर्षं गीतरामायणाची कॅसेट राहत होती. राहत होती म्हणायचं कारण, ती बाहेर काढलेली कोणी पाहिलेली नव्हती. किल्ली फिरवली की ती जिथे थांबली असेल तिथून सुरू व्हायची, त्यामुळे साडूंच्या मुलांच्या मते सीताहरण एडिसन स्टेशनजवळ होतं आणि सेतुबंधन नऊ नंबरच्या एक्झिटला. साडूंनी बटण दाबून ती कॅसेट बाहेर काढली तेव्हा अण्णा खुर्चीतून पाहतच राहिले.

"रामाला बाहेर काढलंत?"

"अण्णा, रेडिओसाठी जागा हवी."

"गीतरामायण रेडिओवरच झालं होतं!" अण्णा म्हणाले. हे अगदी खरं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, आठवड्याला एक गाणं. त्या गीतांना रेडिओसाठीच गाडीबाहेर पडावं लागतंय, यावर आमच्यापैकी कोणालाच उत्तर सुचलं नाही. मेहुणीने कॅसेट पदराला पुसून देवघरात ठेवली.

ॲडॅप्टरचे स्वतःचे नखरे होतेच. त्याची वायर कॅसेटच्या खाचेतून बाहेर लोंबते आणि गिअर टाकताना हाताशी येते. ऑटो-रिव्हर्सच्या डेकला मधूनच वाटतं की टेप संपली, मग तो बाजू उलटवतो आणि दुसऱ्या बाजूला कोणी नसल्यामुळे सगळं चिडीचूप होतं. आतली चाकं उन्हात तापली की किर्र किर्र करतात. पण खरी करमणूक केली ती शिट्टीने. रिसीव्हरला वीज सिगारेट लायटरच्या खोबणीतून, आवाज वायरीने स्टिरिओत, आणि दोन्हींची अर्थिंग गाडीच्या अंगाला वेगवेगळ्या जागी. असं झालं की अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमध्ये शिरतो. बारीक, अखंड सूर, जो ॲक्सिलरेटर दाबला की चढतो आणि सोडला की उतरतो. मधे बसवायचं छोटं आयसोलेटर दहा-पंधरा डॉलरला मिळतं आणि त्याने तो जातो.

अण्णांनी ते बसवू दिलं नाही. हार्मोनियमवर त्यांचा हात बरा होता. "काळी दोन," गाडी गल्लीतून निघाली की ते मागून सांगत. हायवेला लागताना "पांढरी चार... पांढरी पाच... काळी चार!" आणि सूर स्थिरावला की डोळे मिटून त्यावर आलाप. साडूंना पोलिसाने वेगासाठी कधी अडवलं नाही याचं श्रेय मी त्या शिट्टीला देतो, कारण काळी पाचच्या वर अण्णांचा आवाज पोचत नसे आणि ते साडूंना खाली यायला सांगत.

तिसरी थाप माझ्या गाडीत होती, ती थोडक्यात. डिकीत सीडी चेंजर बसवण्यासाठी काही स्टिरिओंच्या पाठीला एक जोडणी ठेवलेली असे. तिथे एक डबी जोडायची, जी स्टिरिओला शपथेवर सांगते की मीच सहा तबकड्यांचा चेंजर आहे. आवाज उत्तम, वायर दिसत नाही, खर्च फार. पुढच्या पाटीवर जन्मभर 'डिस्क १, ट्रॅक १' दिसत राहतं. मला त्याचं काही वाटलं नाही. साडू मात्र माझ्या गाडीत बसले की त्या पाटीवर हात ठेवत.

पुढे २००८ मध्ये एक्सएम आणि सिरियस एक झाल्या. दोघींचे जुने रिसीव्हर एकमेकींचं बोलणं ऐकू शकत नव्हते ते नव्हतेच, त्यामुळे हे लग्न बरीच वर्षं दोन चुलींवर चाललं. तोवर गाडीवाल्या कंपन्यांनी उपग्रहाचा ट्यूनर कारखान्यातच बसवायला सुरुवात केली होती. आता तर सिग्नल गेला की काही गाड्या गुपचूप इंटरनेटवरून तीच वाहिनी घेतात आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. साडूंच्या नव्या गाडीत हे सगळं आहे. टपावर माशाच्या परासारखा उंचवटा, आत पडदा, पडद्यावर वाहिनीचं खरं नाव. साडू तो रेडिओ फारसा लावत नाहीत. त्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

जुनी कॅमरी मुलाकडे गेली. त्याने मागच्या महिन्यात ब्लूटूथवाला कॅसेट ॲडॅप्टर मागवला. आता उपग्रह कंपनीचंच ॲप त्याच्या फोनवर चालतं, फोन ब्लूटूथने कॅसेटशी बोलतो, कॅसेट डोक्याला डोकं लावून स्टिरिओशी बोलते आणि स्टिरिओ समजतो की टेप फिरतेय. म्हणजे या सगळ्यात उपग्रह कुठेच नाही. साडूंनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी तेज दिसलं. मुलगा ॲडॅप्टर हातात उलटसुलट करून बघत होता.

"बाबा, कॅसेटला दोन बाजू असतात म्हणतात, त्या कशाला?"

"थांब," साडू म्हणाले आणि आतून दुसरी खुर्ची आणायला गेले.